साहेब कधी भेटतील?



या अंकाचं संपादकीय गळक्या मोरीवर लिहायचं असं मी म्हटलं, तेव्हा संपादक गटातल्या दोघी-तिघी हसल्या. हिंसा, कायदा, आरोग्य, रोजगार हे आपले नेहमीचे विषय. त्यांत मोरी कुठून आली? पण मग चहा होईपर्यंत जी ती आपापल्या घरातली गळती, उखडलेली फरशी आणि पळून गेलेला मिस्त्री सांगू लागली. शेवटी एक जण म्हणाली, "लिहीच तू. यावर आपण कधी बोललोच नाही."

गेल्या पावसाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात उतरत होतं. इमारत चाळीस वर्षांची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घरात मी आणि आई, दोघीच. ओळखीतून एक कंत्राटदार आला. बूट न काढता मोरीत गेला, दोन ठिकाणी हातोडीने ठोकलं आणि मला विचारलं, "साहेब कधी भेटतील?" साहेब नाहीत, जे काय ते माझ्याशी बोला, असं मी सांगितलं. "मग भाऊ? कुणी मोठं?" सत्तरीची आई समोर उभी होती, म्हणजे मोठं माणूस घरात होतं. पण त्याला हवं होतं तसलं मोठं नव्हतं. "पूर्ण फोडावं लागेल मॅडम. मटेरियलसकट पंच्याऐंशी हजार," एवढं बोलून तो गेला. कशाचे किती, काही नाही.

दुसऱ्याने अठ्ठेचाळीस हजार सांगितले. तिसरा म्हणाला, "चालू तर करू, मग बघू." मी चक्रावले. म्हणून थोडा आगाऊपणा केला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला, पुरुषाला, त्या पहिल्या कंत्राटदाराला फोन करायला लावला. तीच मोरी, तेच माप, फक्त आवाज पुरुषाचा. त्याला आकडा सांगितला साठ हजार. बाई असण्याची किंमत आपण अनेक ठिकाणी मोजतो. ती पंचवीस हजार रुपये असल्याचं मला पहिल्यांदाच रोखीत कळलं.

आमच्या महिन्याच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कुणाची उचल घेऊन मिस्त्री गावी गेला तो आलाच नाही. कुणाकडे नळ बदलायला आलेल्याने अख्खी लाइन बदलायला लावली. एकीच्या घरी काम अर्धं झाल्यावर भाव वाढला. संडास फोडून ठेवलेला, घरात आजारी सासू, नाही म्हणणार कशी? यातल्या प्रत्येकीने शेवटी एकच वाक्य ऐकलं होतं : "तुला काय कळतं त्यातलं? आधी विचारायचं होतंस." म्हणजे पैसे गेले ते गेले, वर घरातली पतही गेली.

ज्यांच्या घरात पत राखायला दुसरं कुणी नाही, त्यांचं काय होतं, हे मला आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईमुळे कळलं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) मारहाणीला कंटाळून ती घराबाहेर पडली, दहा वर्षं लोकांचे डबे केले आणि गावठाणात दीड खोली स्वतःच्या नावावर केली. पत्रे सडले होते. पावसाआधी बदलायचे म्हणून सत्तर हजारांना काम ठरलं. "लोखंडाचे आणि पत्र्यांचे आधी द्यावे लागतात" म्हणून चाळीस हजार रोख दिले. माणूस गल्लीतल्याच कुणाच्या ओळखीचा. त्याने दोन पोरं पाठवली, जुने पत्रे उतरवले आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन बंद झाला.

डोक्यावर आभाळ. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. भाऊ म्हणाला, "एकट्या बाईला जमत नाही हे. माणूस पाहिजे घरात." आणि आठ दिवसांच्या आत नवऱ्याकडची माणसं निरोप घेऊन आली : झालं गेलं विसरू, तो येऊन पत्रे घालून देतो. दहा वर्षांत ज्या दारातून तो आत येऊ शकला नव्हता, तिथे तो आता छपरावरून उतरणार होता.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला समुपदेशन शिकवलं, कायदे शिकवले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, हे मी शेकडो जणींना सांगितलं असेल. पण छप्पर उडालेल्या खोलीत त्या हक्काचं करायचं काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ताडपत्री बांधली. बचत गटाने कर्ज दिलं. दुसरा मिस्त्री शोधला, या वेळी सामान आम्ही चार जणींनी जाऊन आणलं. ती नवऱ्याकडे गेली नाही. पण ते चाळीस हजार परत मिळाले नाहीत. पावती नव्हती, कागद नव्हता, पैसे रोख दिलेले. तक्रार करायला हातात काही नव्हतंच.

तेव्हा कंत्राटदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मला फार घरगुती वाटत नाही. एकटीने राहणारी, विधवा, नवऱ्यापासून वेगळी झालेली, नवरा बाहेरगावी नोकरीला असलेली अशा प्रत्येकीच्या स्वतंत्र राहण्याला तो कुठे ना कुठे येऊन भिडतो.

पण मग आपण इतक्या गप्प का? भाजीच्या जुडीला पाच रुपये कमी करायला लावणारी बाई पंच्याऐंशी हजारांपुढे मान का डोलावते? १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव काय असावेत हे त्यांना मंत्र्यांहून जास्त माहीत होतं, कारण ते माप रोज त्यांच्या हातातून जात होतं. किलो, लिटर, पायली ही मापं आपली. ब्रास, फूट, इंच ही मात्र बाहेरच्यांची राहिली.

हे असंच नव्हतं, हेही आठवून पाहा. माझी आजी खेड्यात दरवर्षी दिवाळीच्या आधी भिंती लिंपायची. माती कुठली घ्यायची, भुसा किती, शेण किती, किती दिवस भिजवायचं, कुठे पोपडा धरला म्हणजे आत ओल आहे, हे सगळं तिला हाताने कळायचं. घराची डागडुजी हे बाईचं काम होतं, म्हणून तर त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. मातीच्या जागी सिमेंट आलं आणि त्याच कामाचा धंदा झाला. थापी गवंड्याच्या हातात गेली आणि बाईच्या डोक्यावर घमेलं आलं. ज्ञान गेलं, ओझं राहिलं.

इथे मला दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. "सगळे कंत्राटदार चोर" हे वाक्य बैठकीत आम्ही सगळ्यांनीच म्हटलं, पण ते खरं नाही. ज्याच्याकडून शेवटी मी काम करून घेतलं तो अठ्ठेचाळीस हजारवाला. काम चालू असताना त्याच्याशी बोलले तेव्हा काही गोष्टी कळल्या. फरशीखाली काय निघेल ते फोडेपर्यंत त्यालाही दिसत नाही. पाइप कुजलेला निघाला तर दोन दिवस वाढतात, म्हणून तो आधीच आकड्यात थोडी जागा ठेवतो. काम झाल्यावर शेवटचे पाच-दहा हजार बुडवणारी गिऱ्हाइकं कमी नाहीत, त्यांची भरपाई पुढच्या गिऱ्हाइकाकडून होते. चांगला गवंडी टिकवायचा तर काम नसतानाही त्याला सांभाळावं लागतं. म्हणजे अविश्वास दोन्हीकडून आहे आणि दोन्हीकडचा अविश्वास आकड्यात घातलेला आहे. उक्त्या कामाचा एकच गोळा आकडा सांगितला की यातलं काहीच दिसत नाही. लबाडीही दिसत नाही आणि खरा खर्चही दिसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल. आकडा कळल्यावर मी जिद्दीला पेटले. अठ्ठेचाळीसचे चव्वेचाळीस हजार करून घेतले आणि दिवसभर खुशीत होते. काम सुरू झालं तेव्हा राडारोडा खाली न्यायला एकच बिगारी बाई आली. तीन मजले, लिफ्ट नाही, गोणी डोक्यावर. दुपारी आईने तिला चहा दिला तेव्हा ती म्हणाली, "ताई, दोघी येणार हुतो. भाव तुटला म्हणून मालकानं एकलीलाच धाडलं." मी तिला हजेरी विचारली. गवंड्याला दिवसाचे हजार, बिगारी पुरुषाला सातशे, तिला पाचशे. खाडा झाला तर काही नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला, हे मी भाषणांत सांगत आले आहे. माझ्या घरात, माझ्या पैशांनी चाललेल्या कामावर तो मोडला जात होता. आणि मी कमी करून घेतलेले चार हजार त्या बाईच्या कमरेतून वसूल झाले होते.

मी कंत्राटदाराला दुसरी बाई बोलवायला सांगितली आणि तिचे पैसे वेगळे दिले. त्याने प्रश्न सुटला असं नाही. पण तेव्हापासून "योग्य भाव" हा शब्द मी जपून वापरते. आपल्याला परवडेल तो भाव योग्य, असं आपण धरून चालतो. योग्य भावात काम करणाऱ्याची पुरी मजुरी आली पाहिजे, बाईची आणि पुरुषाची सारखी आली पाहिजे. कुठून कमी करायचं ते नीट पाहिलं नाही, तर घासाघीस नेहमी सगळ्यांत खालच्या माणसावर जाऊन पडते, आणि बांधकामावर सगळ्यांत खाली बाईच असते.

हे ज्ञान बायकांच्या आवाक्याबाहेरचं आहे का? किल्लारीकडे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. पूर्ण पडलेल्या गावांचं पुनर्वसन सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याखेरीज सुमारे दोन लाख घरं होती, जी पडली नव्हती पण तडकली होती. ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. सरकारने टप्प्याटप्प्याने मदत द्यायची आणि कुटुंबाने स्वतः गवंडी लावून काम करून घ्यायचं, अशी ती योजना होती. लोकांना नियम कळेनात, इंजिनिअर भेटेनात. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. त्यांनी योजना समजून घेतली, घरोघरी समजावली, मजबुतीचं काम कसं व्हायला हवं ते शिकून घेतलं आणि चाललेल्या कामावर उभ्या राहून गवंड्यांना जाब विचारला. पुढे २००१ च्या भूज भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी गुजरातेतल्या बायकांना हे सांगायला गेल्या. यांतल्या अनेक जणी त्याआधी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर सावरत गप्प राहणाऱ्या होत्या. त्यांना इंजिनिअर व्हावं लागलं नाही. काय विचारायचं ते कळलं, आणि विचारताना त्या एकट्या नव्हत्या.

तर आपण काय विचारायचं? मला या वर्षात जे कळलं ते सांगते.

आधी माप शिका. क्षेत्रफळाचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. भिंतीची लांबी गुणिले उंची, एवढंच गणित आहे, आणि ते आपण चौथीत केलेलं आहे. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. एक ब्रास भिंतीला अर्धा इंच गिलावा एकास चार प्रमाणाने करायचा तर साधारण एक ते सव्वा पोतं लागतं. कुणी तीन पोती सांगितली, तर ती कशाला हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. खिडक्या-दरवाज्यांची जागा मापातून वजा करणार की नाही, हे आधीच ठरवा, कारण भांडण तिथेच होतं. पोत्यावर ते भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घेऊ नका.

मग आकडा फोडून मागा : सामान किती, मजुरी किती, फोडणं आणि राडारोडा किती, कंत्राटदाराचा नफा किती. नफा विचारायला लाजू नका आणि तो दिसल्यावर चिडूही नका. राबणाऱ्याने नफा घेऊ नये असं काही नाही. किमान तीन जणांकडून एकाच मापावर, एकाच प्रकारच्या सामानावर भाव घ्या. नाहीतर तुलना करायला काही उरतच नाही. जमेल तिथे सामान स्वतः आणा, मैत्रिणीला बरोबर घेऊन जा. "बिल हवं तर जीएसटीचे १८ टक्के वाढतील" असं कुणी म्हटलं तर नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी नसलेल्याला हा कर लावताच येत नाही. साधी सही केलेली पावती मात्र प्रत्येकाकडून मिळू शकते.

पैसे टप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्पा कामाला बांधा : फोडून झालं की इतके, पाइप बसला की इतके, फरशी झाली की इतके. छपराचं काम असेल तर नवं सामान दारात येईपर्यंत जुनं उतरवू देऊ नका. मोरीत फरशी बसवण्याआधी पाणी कोंडून दोन दिवस तसंच ठेवा आणि खालच्या काकूंच्या छताला हात लावून या. शेवटचा दहावा हिस्सा या परीक्षेसाठी राखा, पण ती कधी आणि कशी घेणार हे आधीच लिहा. काम उतरलं की त्याच दिवशी उरलेले पैसे द्या. आपण कागद मागायचा आणि त्याचा शब्द मोडायचा, हे चालणार नाही.

कागद म्हणजे स्टँपपेपरच हवा असं नाही. वहीच्या पानावर काम, माप, भाव, तारखा आणि दोघांच्या सह्या पुरतात. पैसे बँकेतून किंवा फोनवरून पाठवले तर नोंद आपोआप राहते. फोनवर फोटो काढता येतात. एवढं हातात असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. निकाल लवकर लागतोच असं मी म्हणणार नाही. पण कागद हातात आहे हे समोरच्याला माहीत असलं, की बऱ्याच गोष्टी आयोगापर्यंत जातच नाहीत.

आणि जाता-येता कामावरच्या बाईला तिची हजेरी विचारा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि घरोघरच्या दुरुस्तीत राबणारीला तो मिळवताना नाकीनऊ येतात. तिने आपल्याकडे किती दिवस काम केलं हे लिहून सही द्यायला आपलं काही जात नाही.

विश्वास ठेवायचा का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ठेवा, पण हिशेब मांडून ठेवा. हिशेब मागितला की माणूस दुखावतो, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. नवऱ्याला पगार विचारायचा नाही, भावाला वाटणी विचारायची नाही. त्याच सवयीने आपण मिस्त्रीलाही विचारत नाही. माझा अठ्ठेचाळीस हजारवाला मात्र दुखावला नाही. फोडलेला आकडा मागितल्यावर आधी जरा गोंधळला, मग उलट्या पंचांगाच्या कागदावर लिहायला बसला, आणि लिहिताना त्याचं त्यालाच कळलं की वाहतूक धरायची राहिली होती. ती आम्ही मिळून धरली. पावसाळा गेला. काकूंचं छत कोरडं आहे.

आमच्या केंद्रात आता एक वही ठेवली आहे. कुणी कुठलं काम कितीला केलं, माप काय होतं, सामान कुठलं, पैसे कसे दिले, काम कसं टिकलं आणि कामावरच्या बायकांना काय हजेरी मिळाली, हे त्यात प्रत्येकीने आपल्या हाताने लिहायचं. सध्या अकरा नोंदी आहेत. पहिली नोंद त्या पत्रेवाल्या बाईची आहे, आणि तिच्यात बुडालेल्या चाळीस हजारांचा हिशेबही आहे. तो तिने आग्रहाने लिहिला. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत काय भाव चालतात, तुमचा अनुभव काय, चांगला असो की वाईट, आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक मोजपट्टी आणायची आहे. केंद्राची मागची भिंत मोजून सुरुवात करू.